पंच्याऐंशी चेंडूंनंतर थांबायचंच का? बेसबॉलमधल्या मर्यादा आणि बदलते नियम

बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, एका दिवसात किती चेंडू टाकायचे, याचं उत्तर तो कुठे खेळतो यावर ठरतं. लिटल लीग या मुलांच्या लीगमधल्या बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५. जपानमधल्या शाळकरी पिचरला आठवड्याला ५००. अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या पिचरला लेखी मर्यादाच नाही. तरीही आकडा शंभराच्या जवळ आला की मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) डगआउटमधल्या बाकावरून उठतो, माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जातो आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेतो. पहिली मर्यादा हाडं आणि सांधे वाचवण्यासाठी आहे, दुसरी परंपरेशी केलेली तडजोड आहे आणि तिसरा व्यवहार आहे. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते आणि 'हल्लीचे पिचर नाजूक झालेत' हे वाक्य तिथूनच निघतं.

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला वाटेल, ही वनडेतल्या दहा षटकांसारखीच गोष्ट असणार. तसं नाही. दहा षटकांमुळे कर्णधाराला किमान पाच गोलंदाज वापरावे लागतात, सामना समतोल राहतो. गोलंदाजाच्या शरीराचा विचार त्यामागे नाही. लहान मुलांची बेसबॉलमधली मर्यादा मात्र निव्वळ शरीराच्या विचारातून आली आहे.

कोपरात काय होतं

मोठ्यांच्या खेळात माउंडपासून होम प्लेट (बॅटर, म्हणजे फलंदाज, उभा राहतो ती जागा) ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर लांब असते; बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे अंतर ४६ फूट आहे. पिचर पाय उचलतो, पुढे झेपावतो, धड फलंदाजाकडे वळतं, पण हात अजून मागेच असतो. खांदा पुढे निघाला आणि मनगट मागे राहिलं की कोपराची आतली बाजू फाकायला लागते. दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना आतून बांधून ठेवणारा एक छोटा लिगामेंट हा ताण झेलतो.

प्रयोगशाळेत मोजलेला हा पीळ प्रौढ पिचरमध्ये सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. मृतदेहांवरच्या चाचण्यांमध्ये हाच लिगामेंट साधारण त्याच्या निम्म्या बळाला तुटतो. मग रोज शेकडो पिचरांचे कोपर का फाटत नाहीत? कारण उरलेला भार हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू उचलतात. इथेच सगळी मेख आहे. स्नायू दमले की त्यांचा वाटा कमी होतो आणि तो लिगामेंटवर येऊन पडतो. म्हणून सत्तरावा चेंडू दहाव्याइतक्याच वेगाने गेला तरी कोपराला तो सारखा पडत नाही.

हा लिगामेंट फाटला की एकेकाळी कारकीर्द संपायची. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी वेगळाच प्रयोग केला. दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा, फारसा न लागणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून त्यांनी तो कोपरात हाडांना भोकं पाडून ओवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. या शस्त्रक्रियेने चेंडूचा वेग वाढतो अशी एक अफवा पालकांमध्ये फिरत असते. त्यात तथ्य नाही. वर्षभराची विश्रांती आणि शिस्तीचा व्यायाम यांचं श्रेय टेंडनला दिलं जातं, एवढंच.

लहान मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांच्या हाडांच्या टोकाजवळ वाढीचा कूर्चेचा पट्टा अजून उघडा असतो आणि तो लिगामेंटपेक्षा कमजोर असतो. ताण आला की लिगामेंट टिकतो आणि हाडाचा तो भाग सुटायला लागतो. अमेरिकेतले डॉक्टर याला 'लिटल लीग एल्बो'च म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल, तर त्याला खेळातून काढायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. बर्फ लावून शनिवारच्या सामन्याला उभं करायचं नाही.

लिटल लीगचा हिशेब

२००७ पूर्वी लिटल लीगमध्ये इनिंग, म्हणजे समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंतचे डाव, मोजत. पण एक इनिंग आठ चेंडूंत आटोपते आणि एक पस्तीसवर जाते. हाताला इनिंग कळत नाही. म्हणून चेंडू मोजायला सुरुवात झाली. सध्याची दैनिक मर्यादा ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५ अशी आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी २०१४ मध्ये आणलेल्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक सूचनांमध्ये या वयांसाठी हेच आकडे आहेत.

दैनिक मर्यादेपेक्षा महत्त्वाची आहे विश्रांती, आणि लोक तिलाच विसरतात. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० चेंडूंपर्यंत टाकले तर सक्तीची सुटी नाही. २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवस. दिवस म्हणजे कॅलेंडरवरचे पूर्ण दिवस, तास मोजायचे नाहीत. बारा वर्षांच्या मुलाने मंगळवारी संध्याकाळी ५८ चेंडू टाकले, तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार सुटी आणि शनिवारी सकाळी तो पुन्हा टाकू शकतो. त्याने ६६ टाकले असते तर रविवार उजाडावा लागला असता. चांगले प्रशिक्षक म्हणूनच ८५ कडे बघत नाहीत. त्यांची नजर २०, ३५, ५० आणि ६५ या उंबरठ्यांवर असते. शनिवारी महत्त्वाचा सामना असेल तर मंगळवारी पोराला पासष्टच्या आत बाहेर काढायचं.

एका बॅटरसमोर असताना मर्यादा गाठली गेली तर? तो बॅटर बाद होईपर्यंत, बेसवर (धावपटूच्या थांब्यावर) पोचेपर्यंत किंवा इनिंग संपेपर्यंत पिचरला टाकू देतात. विश्रांतीच्या उंबरठ्यालाही हीच सवलत आहे. ३४ चेंडूंवर नवा बॅटर आला आणि त्याने सहा चेंडू खाल्ले, तरी त्याच्यानंतर लगेच पिचर बदलला तर एकच दिवसाची सुटी लागते. पुढच्या बॅटरला एक चेंडू जरी टाकला, तरी ही सवलत गेली आणि खरा आकडा लागू झाला. फाउल गेलेला, म्हणजे रेषेबाहेर टोलावलेला, चेंडू मोजायचा. बॅटरला मुद्दाम चालायला, म्हणजे फुकट पहिल्या बेसवर जायला, दिलं तर प्रत्यक्ष न टाकलेले चेंडूही मोजणीत धरायचे.

बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला विसरून चालत नाही, कारण पिचरचा प्रत्येक चेंडू तो परत फेकत असतो. म्हणून ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, आणि चार किंवा जास्त इनिंग कॅचर राहिलेला मुलगा त्या दिवशी पिचर होऊ शकत नाही. संघात दोनच दणकट हाताची मुलं असली की प्रशिक्षकाला त्यांनाच आलटूनपालटून वापरायचा मोह होतो. हा नियम नेमका त्यासाठी आहे.

मोजणी कुठे फसते

मोजणारा माणूस सामन्यातलेच चेंडू मोजतो. सामन्याआधी कडेला टाकलेले पंचवीस-तीस, प्रत्येक इनिंगपूर्वीचे सरावाचे आठपर्यंत, हे कुठेच लिहिले जात नाहीत. शाळकरी पिचर्सच्या एका अमेरिकी पाहणीत सामन्याच्या दिवशी टाकलेल्या चेंडूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त चेंडू मोजणीबाहेर असल्याचं दिसलं. कागदावर सत्तर, हातावर सव्वाशेच्या आसपास.

त्याहून मोठं भोक म्हणजे दोन संघ. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबाबांना हे ओळखीचं असेल: आठवड्यात लिटल लीग, शनिवार-रविवारी गावोगाव जाऊन खेळणारी ट्रॅव्हल टीम, मधे कुठेतरी पैसे देऊन लावलेला खासगी पिचिंग कोच. तिघांच्या वह्या वेगळ्या आणि हात एकच. लिटल लीगच्या मोजणाऱ्याला रविवारचे ६० चेंडू दिसत नाहीत. वही ठेवायची ती घरातल्या माणसानेच. तारीख, सामन्यातले चेंडू, सरावातले अंदाजे चेंडू, कॅचर म्हणून किती इनिंग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे, इतक्या नोंदी पुरतात.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्‌स मेडिसिन इन्स्टिट्यूटने शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या आणि निरोगी राहिलेल्या किशोरांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध केली होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट दिसली, सामन्यामागे ८० हून जास्त चेंडू टाकणाऱ्यांमध्ये चौपट. आणि हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये छत्तीसपट. हा शेवटचा आकडा कुठल्याच स्कोअरबोर्डवर दिसत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो: चेंडू सारखे उंच जायला लागतात, कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरतो, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, मुलगा हात झटकत राहतो. असं दिसलं की पाटीवर चाळीस असले तरी बदला. वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग आणि त्या काळात डोक्यावरून कसलीच फेक नाही, असं पिच स्मार्ट सांगतं. मुलाला त्या दिवसांत फुटबॉल खेळू द्या.

'कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाकू नकोस, कोपर जाईल' ही आजोबांच्या काळापासूनची ताकीद. प्रयोगशाळेतली मोजमापं तिला फारशी साथ देत नाहीत. कोपरावर सर्वांत जास्त ताण पूर्ण ताकदीच्या फास्टबॉलचा, म्हणजे सरळ वेगवान चेंडूचाच येतो. तरी लहान मुलाला आधी फास्टबॉल आणि चेंजअप (त्याच हालचालीतून टाकलेला हळू चेंडू) शिकवतात ते योग्यच आहे. चुकीच्या पद्धतीने वळवलेला कर्व्हबॉल कुणाच्याच भल्याचा नसतो.

कोशिएनची पाचशे

जपानमध्ये शाळांची राष्ट्रीय स्पर्धा कोशिएन स्टेडियममध्ये भरते आणि सारा देश ती पाहतो. एकच पिचर संपूर्ण स्पर्धा खांद्यावर ओढतो, हे तिथलं शौर्य. १९९८ मध्ये योकोहामा हायस्कूलच्या दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व फेरीत पीएल गाकुएनविरुद्ध १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले, आदल्या दिवशीचे १४८ टाकून झाल्यावर. दुसऱ्या दिवशीच्या उपांत्य सामन्यात तो शेवटी येऊन एक इनिंग टाकून गेला आणि अंतिम सामन्यात त्याने एकही हिट दिला नाही, म्हणजे कुणालाच चेंडू टोलावून बेस गाठू दिला नाही. २०१३ च्या वसंत स्पर्धेत तोमोहिरो आनराकूने पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले, तेव्हा मात्र कौतुकाबरोबर टीकाही झाली, विशेषतः परदेशातून.

खरा वाद पेटला २०१९ मध्ये. ओफुनातो हायस्कूलचा रोकी सासाकी ताशी १६० किलोमीटरने टाकणारा मुलगा. इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात जिंकले असते तर संघ कोशिएनला गेला असता. आदल्या दिवशी त्याने १२९ चेंडू टाकले होते. प्रशिक्षकाने त्याला अंतिम सामन्यात खेळवलंच नाही. संघ १२-२ ने हरला आणि शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन खणखणत राहिले. तीन वर्षांनी, १० एप्रिल २०२२ ला, सासाकीने व्यावसायिक लीगमध्ये १०५ चेंडूंत परफेक्ट गेम टाकला: २७ बॅटर आले, २७ परत गेले. पुढच्याच सामन्यात आठ इनिंग कुणालाही बेसवर न जाऊ देता त्याचे १०२ चेंडू झाले आणि मॅनेजरने त्याला बसवलं. सलग दुसरा परफेक्ट गेम इतिहासात कुणाचाच नाही, तरीही. आम्हाला विचाराल तर दोन्ही निर्णय बरोबर होते आणि पहिला जास्त अवघड होता.

जपानच्या शालेय संघटनेने २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा लावली. ती सैल आहे. बाद फेरीत आठवड्यात तीन-चार सामने आले तरी एकच पोरगा सरासरी सव्वाशे-दीडशे टाकू शकतो. सलग दोन दिवस टाकण्याला ती अडवत नाही. पण लहान शाळांकडे दुसरा पिचरच नसतो, दिवसाची कडक मर्यादा लावली तर त्या पहिल्याच फेरीत संपतील, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही.

मेजर लीगमध्ये आकडा कुणी ठरवला

कुणीच नाही. १ मे १९२० ला ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो ओशगर दोघांनीही पूर्ण २६ इनिंग टाकल्या आणि सामना १-१ असा अंधारामुळे थांबला. १४ जून १९७४ ला नोलन रायनने १३ इनिंगमध्ये २३५ चेंडू टाकले. त्या काळी एका हंगामात हजाराहून जास्त सामने सुरुवातीच्याच पिचरने संपवले होते. आता वर्षभरात सगळ्या तीस संघांचे मिळून असे सामने तीसच्या आसपास असतात.

यात काळजीपेक्षा गणित जास्त आहे. बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा येतो तेव्हा त्याला चेंडूचा अंदाज आलेला असतो आणि धावा वाढतात. त्याऐवजी ताशी १५८ किलोमीटरने टाकणारा ताजा माणूस बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांमधून, आणणं परवडतं. मग सुरुवातीच्या पिचरलाही कळतं की आपल्याला पाच-सहा इनिंगच टाकायच्या आहेत, आणि तो पहिल्या चेंडूपासून हात राखून टाकत नाही. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. याच काळात चेंडू कमी झाले आणि दुखापती वाढल्या: मेजर आणि तिच्याखालच्या मायनर लीग मिळून कोपराच्या या शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ होत्या, २०२४ मध्ये २८१. लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात वेगाचा आणि जास्तीत जास्त फिरकीचा हव्यास हे मुख्य कारण मानलं आहे. चेंडूंची संख्या हे ताणाचं एक ओबडधोबड माप आहे. नव्वद चेंडू नव्वद टक्के जोराने आणि नव्वद चेंडू जीव तोडून, यांत ते फरक करत नाही.

लेखी मर्यादा मोठ्यांना भेटते ती वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांमधल्या स्पर्धेत. २०२३ च्या स्पर्धेत पहिल्या फेरीत ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८० आणि त्यापुढे ९५ चेंडू. ५० किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ३० किंवा जास्त टाकले तर एक दिवस. कारण उघड आहे. मार्चमध्ये देशासाठी खेळणाऱ्या हाताचा पगार क्लब देतो. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, क्लबचंच हित असतं, म्हणून तिथे अडवणारं कुणी नाही. २०२५ मध्ये योशिनोबू यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी सातव्यात येऊन आणखी ३४.

घड्याळ, बेस आणि रोबो पंच

अलीकडचे बाकीचे नियम प्रेक्षकांसाठी आहेत. २०२३ पासून पिच क्लॉक आलं: बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू बेसवर असताना २०, आणि २०२४ पासून ते १८ झाले. शून्य व्हायच्या आत पिचरने हालचाल सुरू केली नाही तर बॅटरला फुकटचा बॉल (चार झाले की तो पहिल्या बेसवर जातो); आठ सेकंद उरेपर्यंत बॅटर तयार नसेल तर त्याच्या नावावर स्ट्राइक (तीन झाले की तो बाद). पिचरने सारखं बेसकडे वळून वेळ काढू नये म्हणून एका बॅटरमागे दोनदाच माउंड सोडता येतो. तिसऱ्यांदा सोडला आणि धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस बहाल. सरासरी नऊ इनिंगचा सामना तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. घड्याळामुळे हाताला सावरायला वेळ मिळत नाही, अशी खेळाडू संघटनेची तक्रार आहे. लीगला ते मान्य नाही.

त्याच वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले. पहिल्या ते दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं आणि वर बेसकडे वळण्यावर बंधन. परिणाम असा की हंगामातल्या चोरलेल्या (चेंडू टोलावला नसताना धावून मिळवलेल्या) बेसची संख्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. २०२६ पासून बॉल की स्ट्राइक यावर यंत्राकडे दाद मागता येते. संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. दाद फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच, टोपी किंवा हेल्मेटवर टिचकी मारून मागायची. डगआउटमधून खुणा चालत नाहीत.

पिचरच्या वापराला हात घालणारे नियम मात्र उलट्या दिशेने ओढताहेत. २०२० पासून नव्या पिचरने किमान तीन बॅटरना सामोरं जायचं किंवा इनिंग संपवायची. एका डावखुऱ्यासाठी एक माणूस आणून खेळ थांबवायची चाल त्यामुळे बंद झाली. २६ जणांच्या संघात १३ हून जास्त पिचर ठेवता येत नाहीत, म्हणजे ताज्या हातांचा साठा आटोक्यात. अटलांटिक लीग या मेजर लीगबाहेरच्या लीगमध्ये २०२१ साली आणखी पुढची गोष्ट करून पाहिली: सुरुवातीचा पिचर बदलला की संघाने आपला डेझिग्नेटेड हिटरही, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडूही, गमवायचा. म्हणजे पिचरला लवकर काढलंत तर चांगला बॅटर गेला. पिचरला सहा इनिंग टाकायला लागणार असतील तर तो पहिल्या चेंडूपासून जीव तोडणार नाही, वेग थोडा उतरेल आणि कोपरही टिकेल, असा यामागचा हिशेब आहे. मेजर लीगने तो अजून स्वीकारलेला नाही.